पुसलेला घास

नाहोरने सुपारीची टोपली उचलली, स्वतःच्या मांडीआड सरकवली, आणि मोठ्या बहिणीकडे पाठ करून तो घोड्याच्या लगामाची वादी शिवत बसला.

फातुनेसीच्या डोंगरात कुणाच्याही अंगणात पाऊल टाका, आधी टोपली पुढे येते. ओळख नंतर, काम नंतर, भांडायचं असेल तर तेही विडा तोंडात धरूनच. वाट चुकलेल्या परक्यालाही इथे कुणी कोरड्या तोंडाने परत पाठवत नाही. आणि फीना काही परक्याच्या दारात बसली नव्हती... बाप गेल्यावर ज्या अंगणात या भावाला कडेवर घेऊन तिने मका सोलला, ज्याला वाढवता वाढवता स्वतःला आलेल्या लग्नाच्या मागण्या हसत परत पाठवल्या, त्याच अंगणातल्या दगडावर ती बसली होती, आणि टोपली तिच्या डोळ्यांदेखत दडवली गेली होती.

"ओर्पा कशी आहे, एवढंच विचारायला आले," भावजयीचं नाव घेऊन ती म्हणाली.

"शेकतेय."

"आणि मुलगी?"

"तीही." नाहोरने दातांनी दोरा तोडला. "ताई, तुला अजून घरं फिरायची असतील ना? ऊन चढतंय."

मुलगी झाल्याचं तिला घरातल्या कुणी कळवलं नव्हतं. प्रार्थनाघराच्या ओट्यावर वजनकाटा टांगता टांगता तिने आपल्या घरच्या गवती छपरातून निघणारा धूर पाहिला होता. स्वयंपाकाचा पातळ धूर नव्हे, जाड, पांढरा, दिवसभर न थांबणारा बाळंतिणीचा धूर! मुलगा की मुलगी ते मग तिला शेजारच्या तेर्सीने सांगितलं, तेही अशा आवाजात, की जणू ती दुसऱ्याच कुणाच्या घरची बातमी सांगते आहे.

अंगणापलीकडे ते गोल घर होतं. जमिनीपर्यंत उतरलेलं गवत, खिडकी नाही, रांगत आत शिरावं एवढंच दार. माळ्यावर मक्याची कणसं, खाली चूल, चुलीला लागून बाळंतिणीची बाज. चाळीस दिवस ती आग विझू द्यायची नाही. बाळंतिणीचं अंग आगीने सुकलं नाही तर पांढरं रक्त डोक्यात चढतं आणि बाई वेडी होते, असं फीनाच्या आजीची आजीसुद्धा सांगायची. त्या धुराने कणसांना कीड लागत नाही, आणि तोच धूर इवल्या छातीत भरला की मूल कफाने घुसमटतं, हे सांगत फीना वर्षानुवर्षं घरोघर फिरत होती. गावानेच तिला त्या कामाला निवडलं होतं. मुलांची वजनं करायची, मुगाची खीर शिजवून वाटायची, बायकांशी बोलत बसायचं. पगार नव्हता. मान मात्र भरपूर, म्हणजे कुणाकडेही कार्य असलं की भांडी घासायला पहिली हाक तिला!

ती उठली. दारातून धुराबरोबर तान्ह्या मुलीचा बारीक आवाज आला, आणि त्यावर तिच्या आईचा, फुनान म्हातारीचा, जुना हुंकार. त्याच हुंकारावर फीना झोपली होती, नाहोर झोपला होता... आणि टोबेही.

टोबे हा ओर्पाचा पहिला मुलगा. आजोबांचं नाव त्याला ठेवलं होतं. तो जन्मला तेव्हा फीनाने भावाच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. बाळ-बाळंतीण धुरात नको, रस्त्याकडेच्या फळ्यांच्या खोलीत ठेवू. फटी बुजवू, जाड विणलेली कांबळी घेऊ, बाळाला आईच्या छातीशी उघडं धरू, म्हणजे त्याला तिचीच ऊब मिळेल. शेकायचं पाणी अंगणात तापवू. म्हातारीने कपाळ बडवून घेतलं होतं. हे पोर आहे की बाजारात मांडायचा भोपळा, असं तिने विचारलं होतं. पण नाहोर म्हणाला होता, ताई सांगते ना, मग तसंच. साऱ्या वस्तीत असं पहिल्यांदाच घडत होतं आणि बायका जत्रेला याव्यात तशा बघायला येत होत्या. टोबे गुटगुटीत, लाल, स्वच्छ श्वासाचा... फीनाला तर तेव्हा चालतानाही गाणं सुचायचं.

आणि मग ती सकाळ आली. ओर्पा अंघोळीला गेली होती. फीना गरम पाण्याचं भांडं घेऊन खोलीत आली तेव्हा आई भिंतीला टेकून डुलक्या घेत होती आणि मांडीवर टोबे निजला होता. निजलेली मुलं इतकी स्तब्ध नसतात. फीनाने त्याला उचललं, पालथं धरलं, पाठीवर थोपटलं, पुन्हा थोपटलं, त्याच्या नाकाशी गाल नेला... काही नव्हतं. सगळं केव्हाच संपून गेलं होतं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात चावून मऊ केलेल्या मक्याचा एक कण चिकटला होता, आणि त्या कणावर विड्याचा लाल रंग होता.

तो रंग कुणाच्या तोंडातला, हे फीनाला कुणी सांगायला नको होतं. पोर रडलं असेल, आजीचा जीव कळवळला असेल, तिने मका चावून चावून लोण्यासारखा केला असेल आणि बोटाने त्या इवल्या तोंडात सारला असेल. जसा फीनाच्या सारला होता, नाहोरच्या सारला होता, आणि दोघं जगले होते. मग नातू शांत झाला म्हणून समाधानाने तिचा डोळा लागला असेल. अजूनही तिच्या चेहऱ्यावर ते समाधान होतं... ते पाहून फीनाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आईला हे कळलं तर ती जगणार नाही. तिने अंगठ्याने टोबेचे ओठ पुसले. आणि मगच तिने हंबरडा फोडला.

माणसं धावत आली तेव्हा ती स्वतःच म्हणाली, थंडी बाधली, बाहेर मीच काढायला लावलं होतं, माझंच चुकलं. कुणाला तिच्यावर आरोप करावा लागलाच नाही. नाहोरने त्या दिवसापासून टोपली तेवढी तिच्यापुढून बाजूला सरकवली. आईने मात्र तोंडाचा पट्टा सोडला तो सोडलाच. फीनाने बोचकं बांधलं आणि ती प्रार्थनाघरामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेली. पावसात तो पत्रा इतका वाजतो की माणसाला स्वतःचं रडूही ऐकू येत नाही, हा त्या खोलीचा एक फायदाच म्हणायचा.

एकटेपणाची तिला सवय झाली. सणाला एका माणसापुरता मका भिजवायचा, संत्र्यांच्या दिवसांत एक संत्रं सोलून अर्धं उद्याला ठेवायचं, तापाने फणफणलं तरी उठून स्वतःच पाणी प्यायचं. हे सगळं तिने निमूट सोसलं असतं. पण आईला वाचवायला ती जे बोलली, ते गावाने मनात धरून ठेवलं होतं. टोबेनंतर एकही बाळंतीण धुरातून बाहेर आली नाही. फीना चित्रं दाखवी, समजावी, बायका तिला विडा देत, आदराने ऐकून घेत आणि शेवटी तेर्सी बोलली तेच बोलत.

"फीनाताई, तुम्ही मायेने सांगता, दिसतं आम्हाला. पण तुमच्या भाच्याचं काय झालं, तेही आम्ही बघितलंय."

बोलताना तेर्सीच्या मांडीवरचं पोर खोकत होतं. इवल्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. फीनाने तिला बाबापुता करून दवाखान्यात पाठवलं आणि पोर वाचलं. पण प्रत्येक वेळी वाचेलच असं कोण सांगणार? आणि घास चारू नका, सहा महिने फक्त आईचं दूध, हे सांगताना तर फीनाची जीभच अडखळे, ती नजर दुसरीकडे वळवी आणि चित्र उलटून पुढे जाई. तिच्याजवळ एक उत्तर होतं. एका वाक्याचं. ते बोललं की कितीतरी घरांतली आग अंगणात आली असती, कितीतरी आज्यांचे हात थांबले असते... पण त्या वाक्याला तिच्या आईचा चेहरा होता! आपण एका म्हातारीच्या झोपेसाठी दुसऱ्यांची पोरं पणाला लावतो आहोत का, हा प्रश्न घेऊन ती रोज प्रार्थनेला बसे आणि उत्तर न घेता उठे.

ओर्पाची मुलगी काही दिवसांची झाली होती. झऱ्यावर पाणी भरताना तेर्सीने सहज विषय काढला. ओर्पाला ताप भरलाय, दूध पातळ झालंय, पोर सारखं रडतंय.

"म्हातारी म्हणते, पोट रिकामं आहे पोरीचं, आजपासून घास चारते. तोंडात उरलेत तीन दात, पण चावायची हौस बघा!" असं म्हणून तेर्सी हसली.

फीनाने भांडं झऱ्यातच सोडलं. ती धावली. चढणीवर तिच्या छातीत कळ आली, चप्पल तुटली, ती तशीच अनवाणी धावत राहिली. अंगणात नाहोर नव्हता, गुरांकडे गेला होता. इतक्या वर्षांत ज्या दाराकडे पाहायचीही तिने हिंमत केली नव्हती, त्या दारातून ती रांगत आत शिरली.

आत धुराने काही दिसेना. डोळे चोळले तेव्हा बाजेवर ग्लानीत पडलेली ओर्पा दिसली, आणि चुलीजवळ आई. तिच्या मांडीवर मुलगी रडत होती, तोंड उघडून, सगळा जीव घशात आणून. आईचे गाल हलत होते. तिने तोंडातला मका बोटांवर काढला. तो मऊ होता, आणि लाल होता.

"आई, थांब."

म्हातारीने मान वर केली. "कोण? फीना? तुला आत कुणी घेतलं?"

"कुणी नाही. मीच आले. आई, तेवढा घास तिला देऊ नकोस. तुझ्या पाया पडते."

"पाया पड, नाहीतर डोक्यावर नाच. पोर भुकेने कळवळतंय आणि तू मला तुझी चित्रं सांगणार? तुला मी घास चारला म्हणून तू एवढी घोडी झालीस. मेलीस का?"

"नाही मेले."

"मग सरक बाजूला."

फीना सरकली नाही. तिने हात पुढे करून मुलीच्या तोंडावर तळवा आडवा धरला, आणि त्या कृतीने म्हातारीच्या मनातलं इतक्या वर्षांचं गळू फुटलं. तिचा आवाज एकाएकी खाली आला. रागापेक्षा तो आवाज भयंकर होता.

"असाच हात तू त्याच्याही तोंडावरून फिरवला होतास," ती म्हणाली. "तुला वाटलं मी झोपलेय. डोळा उघडला होता माझा. माझ्या टोबेच्या तोंडात मी घातलेला शेवटचा घास तू पुसून टाकलास. मेलेल्या माणसालाही आपण खाऊ घालून पाठवतो गं... आणि तू त्या तान्ह्या जिवाला उपाशी पाठवलंस. थंडीचं मी तुला माफ केलं होतं, फीने. चूक माणसाकडूनच होते. पण ते पुसणं मी विसरले नाही. का पुसलंस? एवढा कसला गं राग तुला माझ्या हाताचा?"

फीनाच्या ओठांवर ते एक वाक्य आलं. इतकी वर्षं दाबून धरलेलं, गावाला वाचवू शकणारं वाक्य... आईनेच तर ते मागितलं होतं. ती बोलायला गेली आणि तिला ते सुरकुतलेलं तोंड दिसलं, ती तीन दातांची, विड्याने रंगलेली, साऱ्या घराला भरवून दमलेली माया दिसली, आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. ती नुसती आईकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं; धुराचं म्हणावं, तर धुराला कोण नाही म्हणणार होतं?

चुलीत लाकूड फुटलं. पोर रडून रडून उचकी देत होतं, आणि त्या उचकीने त्याचा बारीक गळा वर-खाली होत होता. म्हातारीची नजर त्या गळ्यावर गेली. मग आपल्या बोटांवरच्या घासावर. मग पुन्हा लेकीच्या तोंडाकडे... आणि लेक काहीच बोलत नाही, हे तिला दिसलं.

कळायला कितीसा वेळ लागतो! तिचा हात तसाच अधांतरी राहिला. चेहऱ्यावरचं सगळं रक्त कुठेतरी निघून गेलं. तो घास ना पुढे नेता येत होता, ना मागे घेता येत होता.

तेव्हा फीना गुडघ्यांवर पुढे सरकली. चाळिशी ओलांडलेल्या, केसांत चांदी उतरलेल्या त्या बाईने तान्ह्या मुलासारखं तोंड उघडलं आणि आईच्या बोटांवरचा घास आपल्या ओठांनी उचलून घेतला.

"गोड आहे गं आई," ती म्हणाली. "किती दिवसांनी तुझ्या हातचं खाल्लं."

म्हातारीने मग जो टाहो फोडला, तो तिच्या नवऱ्याच्या मरणातही कुणी ऐकला नव्हता. ती लेकीच्या गळ्यात पडली आणि एकच विचारत राहिली, का गं सांगितलं नाहीस, का गं सांगितलं नाहीस. फीना तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. बाजेवरून ओर्पाचा क्षीण आवाज आला. ती केव्हापासून जागी होती, कुणास ठाऊक.

"वन्सं," ती म्हणाली, "पोरीला माझ्याजवळ द्या. दूध येईल तसं येईल. आणि मला या धुरातून बाहेर काढा."

नाहोर परतला तेव्हा आई अंगणात, त्याच दगडावर बसली होती. तिने त्याला समोर उभं केलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. फीना मध्ये पडायला आली, तिला आईने गप्प बसवलं. नाहोर ऐकत होता, हातातली दोरी पिळत होता. आईवर चिडावं, बहिणीवर चिडावं की स्वतःच्या डोक्यात दगड घालून घ्यावा, ते त्याला कळेना. शेवटी तो घरात गेला आणि टोपली घेऊन बाहेर आला. ती त्याने बहिणीपुढे ठेवली, पण तिच्याकडे मान वर करून बघणं त्याला जमलं नाही.

"ताई, घे ना," एवढंच तो म्हणाला.

तिने एक सुपारी उचलली. इतक्या वर्षांनी मिळालेला तो विडा गोड लागेल असं तिला वाटलं होतं. तोंडात सगळा तुरटपणा भरला आणि टोबेची आठवण आली. तरी तिने तो शेवटपर्यंत चघळला. मग दोघांनी मिळून फळ्यांच्या खोलीच्या फटी बुजवल्या, कांबळी अंथरली, आणि नाहोर घोड्यावर बसून दवाखान्याच्या नर्सबाईंना आणायला गेला. औषध लागू पडलं, ओर्पाचा ताप उतरला, दूध आलं.

पुढच्या वजनाच्या दिवशी प्रार्थनाघराच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या, झोळीत पोरं लटकत होती, किंचाळत होती, आणि फीना खिरीच्या भांड्यात पळी फिरवत होती. काठी टेकत फुनान म्हातारी आली. तिच्यामागे ओर्पा, छातीशी बांधलेली मुलगी घेऊन. बायका सरकल्या, तेर्सीने रिवाजाने टोपली पुढे केली.

म्हातारीने ती हाताने बाजूला सारली.

"तब्येत बरी नाही का आजी? तुम्ही आणि विडा नको?" तेर्सीने थट्टा केली. "आता उद्या घोडा गवत नको म्हणेल."

"या तोंडाला आता विडा नाही," म्हातारी म्हणाली. तेव्हा सगळ्यांना दिसलं, तिचे ओठ फिकट होते, धुतलेल्या जुन्या कापडासारखे. तो रंग नसताना ती कुणी दुसरीच बाई वाटत होती. "ऐका गं. माझ्या टोबेला थंडीने नाही नेलं. मी चावलेला घास त्याच्या गळ्यात अडकला. माझ्या लेकीने ते पाहिलं, पुसलं, आणि स्वतःच्या माथी घेतलं. मी तिला शिव्या देत राहिले, आणि तुम्ही तुमची पोरं धुरात ठेवत राहिलात. ती सांगणार नाही, म्हणून मी सांगते."

खीर खदखदत होती, ती ढवळायचं भान फीनाला राहिलं नव्हतं. तेर्सीने मांडीवरच्या पोराला नकळत घट्ट धरलं. मागच्या रांगेतून एका पोटुशीने, जिला फीना सांगून सांगून थकली होती, हळूच विचारलं, "ताई, त्या खोलीच्या फटी तुम्ही कशाने बुजवल्या होत्या?"

फीनाच्या आधी म्हातारीच खेकसली, "मातीने आणि शेणाने, आणखी कशाने? आणि तू ऊठ गं फीने, खीर लागतेय बुडाला."

संध्याकाळी वजनकाटा उतरवून फीना आपल्या खोलीकडे निघाली. वाटेत तिला मागून काठीचा आवाज ऐकू येत राहिला. ती थांबली की काठी थांबे. दाराशी तिने वळून पाहिलं. आई काखेत चटई घेऊन उभी होती, धापा टाकत, नजर चुकवत.

"नाहोरकडे पोर रडतं, झोप लागत नाही," म्हातारी म्हणाली. "तुझ्याकडे जागा आहे का एका माणसाची?"

फीनाने दार उघडलं. खोलीत एकच वाटी होती. उरलेली खीर तिने तिच्यात ओतली आणि दोघी उंबऱ्यावर बसल्या. आईने पहिला घोट घ्यायला वाटी तोंडाशी नेली, क्षणभर थांबली, आणि वाटी लेकीपुढे धरली.

"आधी तू," ती म्हणाली. "मी तुझ्यानंतर खाईन."